मंडळीपुढे साक्ष द्यायची आहे, पण ज्याला मी मारलं त्याचं काय?

परतवाट
नमस्कार. इथे बरेच दिवस नुसता वाचक आहे, लिहितोय पहिल्यांदाच. सल्ला हवा आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

विशीत असताना जबरी चोरीच्या गुन्ह्यात मी आत गेलो. त्याआधी मारामाऱ्या, वसुली, नशा सगळं करून झालं होतं. एका रात्री आम्ही तिघे एका गोदामात शिरलो. रखवालदाराने अडवलं आणि मी त्याच्या हातावर लोखंडी सळई घातली. पकडलो गेलो, खटला चालला, शिक्षा पूर्ण भोगून बाहेर आलो.

तुरुंगात दर आठवड्याला एक वयस्कर गृहस्थ प्रार्थनेसाठी यायचे. मी जायला लागलो तो श्रद्धेने नाही. त्या खोलीत खुर्च्या होत्या. आत सगळं बसणं-उठणं जमिनीवर. घटकाभर पाठ टेकून बसायला मिळणं ही केवढी गोष्ट असते, ते आत राहिलेल्यालाच कळेल. ते बायबलच्या शुभवर्तमानातला एखादा उतारा वाचायचे, त्यावर प्रश्न विचारायचे, कुणाला काही पटवायच्या भानगडीत पडायचे नाहीत. एकदा जक्कयाची, म्हणजे लोकांना लुबाडणाऱ्या जकातदाराची, गोष्ट वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू ज्याला मारलंस त्याचं नाव काय?" मला सांगता येईना. खटल्यात ते नाव माझ्यासमोर कितीदा तरी घेतलं गेलं होतं, पण माझ्या कानात शिरलंच नव्हतं.

बराकीत येऊन खटल्याचे कागद काढले. त्यात त्यांचा जबाब होता. नाव, वय, डाव्या हाताचं हाड मोडल्याचं. शेवटी एक ओळ होती की हातात जोर राहिला नाही, मुलीला कडेवर घेता येत नाही. ते कागद मी रोज उशाशी घेऊन झोपत होतो. वाचलेही होते, पण शिक्षा किती लागेल एवढंच शोधायला. त्या रात्री मी जे केलं त्याला प्रार्थना म्हणायला अजूनही जीभ अडखळते. मी फक्त ते नाव घेत राहिलो.

पुढे विश्वास हळूहळू आला. बाहेर आल्यावर बाप्तिस्मा घेतला. आता मंडळीत (चर्चमध्ये) आहे, हाताला काम आहे, नशा सुटली. ख्रिस्ताने मला क्षमा केली यावर माझा पूर्ण भरवसा आहे, त्याबद्दल मला शंका नाही.

अडचण वेगळी आहे. आमच्या पाळकांनी (पास्टरांनी) मोठ्या संमेलनात साक्ष द्यायला, म्हणजे मी कसा बदललो ते सगळ्यांपुढे सांगायला, सांगितलंय. वाट चुकलेल्या मुलांना आशा मिळेल असं ते म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतात. पण त्या माणसाला मी आजवर तोंड दाखवलेलं नाही. मी व्यासपीठावरून त्याच्या मोडक्या हाताची गोष्ट सांगायची आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या, हे मनाला पटत नाही. साक्ष द्यावी का? आणि त्याला जाऊन भेटावं का?

आशालता
दादा, जरूर द्या साक्ष! संत पौलाने ख्रिस्ती लोकांचा छळ केल्याचा आपला भूतकाळ कधी लपवला नाही. चिडलेल्या जमावापुढे सांगितला, अग्रिप्पा राजापुढे सांगितला. आपला शिष्य तीमथ्य याला लिहिताना पापी लोकांत मी मुख्य आहे असं स्वतःहून लिहिलं. तुमचं ऐकून एखादा मुलगा जरी घरी परतला तरी सार्थक झालं. सैतानाला गप्प बसवायचं असेल तर बोललंच पाहिजे.

तर्कशील
मी ख्रिस्ती नाही, कुठल्याच धर्माचा नाही. तरी लिहितो, कारण प्रश्न प्रामाणिक वाटला.

गुन्हा केलेली माणसं "देवाने मला माफ केलं" असं म्हणतात तेव्हा मला संताप येतो. ज्याचा हात मोडला त्याला कुणी विचारलं का? परस्पर तिसऱ्याने माफी देऊन टाकायची आणि मार खाल्लेल्याने ती ऐकून घ्यायची? तुरुंगात देव आठवणं हेही मला फारसं आश्चर्याचं वाटत नाही. तिथे एकटेपणा असतो, भीती असते, आणि चांगलं वागलं की लवकर सुटायची आशा असते.

पण तुम्ही स्वतःच हा प्रश्न घेऊन आलात, त्यामुळे तुमच्याबद्दल मी हे म्हणत नाही. डोंगरावरचं प्रवचन मी वाचलंय. त्यात येशू सांगतो की वेदीवर अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तुमची साक्ष म्हणजे अर्पणच ना? मग क्रम तर तुमच्याच ग्रंथात दिलाय.

जुनी_पानं
तर्कशील, क्रमाचा मुद्दा फार नेमका पकडलात. मंडळीच्या इतिहासात हे वारंवार दिसतं, आणि दरवेळी ते सुखावह असतंच असं नाही.

जॉन न्यूटनचं नाव अशा चर्चेत हमखास निघतं. गुलामांच्या जहाजावरचा खलाशी, वादळात सापडला, देवाचा धावा केला, बदलला. व्यासपीठावरून सांगायला सोपी गोष्ट आहे. तारखा बघितल्या की तिचं रूप बदलतं. वादळ १७४८ चं. त्यानंतर हा माणूस गुलामांच्या जहाजांवर कप्तान म्हणून गेला. समुद्र सोडला १७५४ मध्ये, आणि तोही सदसद्विवेक जागा झाला म्हणून नाही, तब्येतीने दगा दिला म्हणून. १७६४ मध्ये तो पाळक झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते १७८८ मध्ये, आणि त्यात आपण त्या धंद्यात होतो याची लाज स्पष्ट शब्दांत मांडली. वादळातल्या प्रार्थनेपासून ४० वर्षं! त्या ४० वर्षांत किती माणसं साखळदंडात गेली असतील. पुढे संसदीय चौकशीत त्याची साक्ष उपयोगी पडली, ब्रिटनने १८०७ मध्ये तो व्यापार बंद केला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी न्यूटन गेला.

मला त्याची श्रद्धा खोटी वाटत नाही. पण हृदयाने घेतलेला निर्णय हातापर्यंत पोचायला एवढा काळ लागू शकतो, हे साक्षींमध्ये कुणी सांगत नाही. परतवाट, तुम्हाला जे टोचतंय ते न्यूटनला फार उशिरा टोचलं.

तर्कशील यांच्या सुटकेच्या मुद्द्यावर एक. न्यूयॉर्कमध्ये सहा जणांचे खून करणारा डेव्हिड बर्कोविट्झ १९७७ मध्ये पकडला गेला आणि तुरुंगात असताना १९८७ मध्ये ख्रिस्ती झाला. २००२ मध्ये त्याला पॅरोल, म्हणजे शिक्षा संपण्याआधी सुटका, मागायची संधी आली तेव्हा त्याने राज्यपालांना पत्र लिहिलं की माझी सुनावणी रद्द करा, मी उरलेलं आयुष्य आतच काढायला पात्र आहे. या पत्रामागचं खरं मन देवालाच ठाऊक. पण श्रद्धेच्या बदल्यात सुटका मागणारे सगळेच नसतात.

निरंजना
हा धागा वाचून उठून गेले होते, परत आले.

मी जन्मापासून ख्रिस्ती आहे. माझ्या भावाला एकाने पैशांसाठी भोसकलं. भाऊ वाचला, पण आधीचा राहिला नाही. आवाज झाला की दचकतो, रात्री दिवा चालू ठेवून झोपतो. काही वर्षांनी त्या माणसाचं तुरुंगातून पत्र आलं की मला ख्रिस्त भेटला आहे. तीन पानं भरून. त्याचं बालपण, दारू, अंधार, मग प्रकाश, मग शांती. शेवटी लिहिलं होतं की तुम्हीही मला क्षमा करा म्हणजे तुम्हालाही शांती मिळेल. माझ्या भावाचं नाव पाकिटावर होतं. आत कुठेच नव्हतं.

भावाने ते पत्र घडी घालून परत पाकिटात ठेवलं आणि म्हणाला, "याला बरं वाटतंय असं दिसतं."

उपासनेत स्तोत्र ५१ वाचलं जातं तेव्हा मी आजही एका ओळीपाशी थांबते. दावीद राजा देवाला म्हणतो की तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं. केवळ? आणि उरीया? त्याच्या बायकोला, बथशेबाला, बळकावून दाविदाने त्याला तर लढाईच्या तोंडावर उभं करून मारवलं होतं. बथशेबा? मला माहीत आहे की याचे अर्थ लावले जातात. पण ज्याच्या घरात उरीया आहे त्याला ती ओळ तशीच टोचते.

परतवाट, तुमचा राग आलेला नाही. तुम्ही नाव वाचलंत.

सेवेकरी
बरीच वर्षं तुरुंगात भेटीला जातो, त्यामुळे आधी व्यवहाराचं सांगतो, कारण त्यात घाई झाली तर नुकसान त्या रखवालदाराचं होईल.

परतवाट भाऊ, थेट जाऊ नका. दारात उभे राहू नका, फोन करू नका, नातेवाइकाकरवी निरोप धाडू नका. तुमच्या मनात कितीही नम्रता असली तरी त्याला दारात दिसेल तो सळई घेतलेला माणूसच. न्यायालयाने संपर्काबद्दल काही अट घातली होती का ते वकिलाकडून तपासून घ्या. नंतर मध्यस्थ शोधा, असा की ज्याला पीडितांशी बोलायचा अनुभव आहे आणि जो तुमच्या मंडळीतला नाही. तो आधी त्या माणसाला एकट्याने विचारेल की काही ऐकायचं आहे का. "नाही" आलं तर तिथे विषय संपला.

या पद्धतीची सुरुवात सांगण्यासारखी आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात एल्मिरा नावाचं गाव आहे. १९७४ मध्ये तिथे दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली, गाड्यांची चाकं फाडली, खिडक्या फोडल्या. मार्क यान्त्झी हा मेनोनाइट पंथाचा ख्रिस्ती माणूस तिथे प्रोबेशनचं काम बघत होता. या पोरांनी त्या सगळ्यांना समोरासमोर भेटावं असं त्याने न्यायाधीशांना सुचवलं, आणि न्यायाधीशांनी ते मान्य केलं. पोरं दारोदार गेली, झालेलं नुकसान ऐकलं आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाई करून दिली. आज अनेक देशांत पीडित आणि गुन्हेगार यांच्यात मध्यस्थी होते तिची सुरुवात बहुतेक जण इथूनच धरतात. तिथे मालमत्तेचं नुकसान होतं, तुमच्याकडे शरीराची इजा आहे. म्हणून तुमच्या बाबतीत सावधगिरी दुप्पट.

आशालताताई, पौलाबद्दल तुमचं बरोबर आहे. पालटल्यावर तो दिमिष्कात (दमास्कसमध्ये) लगेच बोलायला लागला. पण लोकांनी काय केलं तेही बायबलच्या त्याच अध्यायात आहे. तिथल्या हनन्या नावाच्या शिष्याला प्रभूने त्याच्याकडे जा म्हटल्यावर तो प्रभूलाच सांगतो की या माणसाने किती वाईट केलंय ते मी पुष्कळांकडून ऐकलं आहे. यरुशलेमात शिष्य त्याला घाबरले, त्यांच्यातलाच बर्णबा मध्ये पडला तेव्हा कुठे त्याला आत घेतलं. त्यांच्या भीतीबद्दल शास्त्रात त्यांना कुठेही बोल लावलेला नाही. ज्यांच्या माणसांना त्याने तुरुंगात डांबलं होतं त्यांनी भ्यायचं नाही तर काय?

आशालता
सेवेकरी, निरंजना, मी हा विचार केला नव्हता. मी गोष्ट फक्त सांगणाऱ्याच्या बाजूने बघत होते.

कमलाक्षी
माझा नवरा फसवणुकीच्या गुन्ह्यात आत होता, आतच विश्वासात आला. बाहेर आल्यावर पहिलं वर्ष दीड वर्ष मला त्याच्या तोंडच्या बायबलमधल्या एका वचनाची धास्ती बसली होती. "जुने ते होऊन गेले, पाहा, ते नवे झाले आहे." पैसे कुठे गेले विचारलं की हे वचन. माझ्या आईकडून घेतलेल्या दागिन्यांचं काय, विचारलं की हे वचन. वचन खरं आहे, मी रोज त्याच्यावर जगते. पण तो ते माझ्या प्रश्नासमोर दारासारखं लावून घेत होता.

बदल झाला तो एका जुन्या विश्वासणाऱ्या बाईंमुळे. त्यांनी त्याला सरळ सांगितलं, "प्रभूने तुला नवं केलंय ना, मग नवा माणूस जुन्या माणसाची देणी फेडेल." त्याने वही घातली. कुणाचे किती, कधी घेतले. अजून फेडतोय. माझ्या आईचं नाव त्याने सगळ्यात वर लिहिलं होतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी मला जे वाटलं नव्हतं ते ती वही बघून वाटलं.

जक्कयाचंही तेच आहे ना. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट, असं तो बोलला. त्यानंतर येशू म्हणाला की आज या घराला तारण मिळालं आहे. चौपट म्हणजे थोडं नव्हे. मेंढरू चोरून विकणाऱ्याला मोशेच्या नियमशास्त्रात जो दंड होता तोच त्याने आपणहून लावून घेतला.

धाकटा_भाऊ
मला इथे थोडं अडतंय. फेडल्यावर तारण मिळतं असं म्हणायचं का? मग येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराचं काय? त्याने कुणाला काय परत केलं? हात खिळलेले होते. आणि त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. कृपा म्हणजे कृपा. ती हप्त्याहप्त्याने विकत घ्यायची नसते. परतवाट यांच्यावर आपण नवं ओझं टाकतोय का, एवढंच विचारतो.

जुनी_पानं
विचारलंत ते बरं झालं. तो चोर काय म्हणाला ते पुन्हा वाचा. आपण भोगतोय ते न्यायाने, आपल्या कृत्यांचं फळ, असं तो दुसऱ्याला सांगतो, आणि त्यानंतर येशूकडे वळतो. हात खिळलेले असताना जे करता येण्यासारखं होतं तेवढं त्याने केलं. परतवाट यांचे हात मोकळे आहेत. तुम्हाला चोर आठवला याचं मला नवल वाटत नाही, आपण सगळेच चोरापाशी लवकर पोचतो, कारण त्याच्या गोष्टीत पुढचे दिवस नाहीत.

पुढचे दिवस कसे असतात याचं एक उदाहरण मला सोडवत नाही. इटलीत १९०२ मध्ये आलेस्सांद्रो सेरेनेल्ली या तरुणाने मारिया गोरेत्ती या ११ वर्षांच्या मुलीला भोसकून मारलं. तीस वर्षांची शिक्षा झाली. सुरुवातीची काही वर्षं त्याला कसलाही पश्चात्ताप नव्हता. मग तुरुंगातच तो पालटला. २७ वर्षांनी सुटल्यावर तो तिच्या आईकडे, अस्सुंताकडे, क्षमा मागायला गेला. तिने क्षमा केली आणि दोघांनी एकत्र प्रभुभोजन घेतलं. पुढे कॅपुचिन या कॅथलिक संन्याशांच्या मठात बागकाम करत तो राहिला आणि १९७० मध्ये वारला. मी कॅथलिक नाही, पण त्या आईपुढे मान लवते. लक्षात घ्या, तिने क्षमा केली म्हणून प्रत्येक आईने केलीच पाहिजे असा नियम होत नाही. अशा गोष्टी सांगून पीडितांच्या डोक्यावर बंदूक ठेवली जाते, ती ठेवू नये.

तर्कशील
धाकटा_भाऊ, माझ्यासारख्या बाहेरच्याला असं दिसतं की परतवाट काही विकत घ्यायला निघालेले नाहीत. त्यांना मिळालंय, म्हणून त्यांना झोप येत नाही. तुमच्या धर्मातली ही गोष्ट मला या धाग्यामुळे प्रथमच समजली.

परतवाट
सगळ्यांचे आभार. एकेक प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला.

निरंजनाताई, एक विचारू का? उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर देऊ नका. त्या तीन पानांऐवजी काय हवं होतं?

निरंजना
विचारलंत म्हणून भावालाच जाऊन विचारलं. मला वाटलं होतं तो चिडेल. तो बराच वेळ बोलला.

त्याला हवं होतं की त्या माणसाने काय केलं ते साध्या शब्दांत लिहावं. "जे घडलं" असं नाही, "मी तुला चाकू मारला" असं. दारूमुळे, मित्रांमुळे असं काही नको. त्याच्या तब्येतीची चौकशी असती तर चाललं असतं. क्षमा मागितली असती तरी चाललं असतं, पण उत्तराची वाट न बघता. ख्रिस्ताबद्दल एक ओळ असती तर हरकत नव्हती, माझा भाऊही प्रार्थना करतो. पण ती ओळ त्याच्या कर्जाची पावती म्हणून लिहिलेली नसती तर.

आणि एक माझ्याकडून. वर तुम्ही त्यांच्या मुलीबद्दल लिहिलंय. ती गोष्ट त्यांनी पोलिसांना सांगितली होती, आम्हाला नाही. प्रशासकांना सांगून काढता आली तर बघा.

परतवाट
खरं आहे ताई. प्रशासकांना लगेच कळवलंय.

सेवेकरी
परतवाट भाऊ, निरंजनाताईंच्या भावाचं बोलणं उतरवून घ्या. इतक्या वर्षांत मला कुणी इतकं स्वच्छ सांगितलेलं नाही.

परतवाट
बऱ्याच दिवसांनी लिहितोय, बरंच काही घडलं.

पाळकांशी बोललो. सुरुवातीला ते नाराज झाले, संमेलनाची पत्रकं छापायला गेली होती. मी त्यांना अर्पणाचा उतारा दाखवला. ते गप्प राहिले, मग म्हणाले की हा उतारा मी कितीदा शिकवलाय. साक्ष रद्द केली. वकिलाकडे ते स्वतः माझ्याबरोबर आले. संपर्काची अट आता लागू नाही असं कळलं. वकिलांच्या ओळखीतून एक मध्यस्थ बाई मिळाल्या, त्यांचा मंडळीशी काही संबंध नाही.

त्यांनी रखवालदारांना विचारलं. त्यांना मला भेटायचं नाही. भरपाईचे पैसेही सध्या नको म्हणाले. मी ते वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली आहे, ते कधी हो म्हणाले तर असावेत, नाही म्हणाले तर मध्यस्थ बाई सांगतील तसं. पण त्यांनी एक प्रश्न पाठवला. त्या रात्री तुम्ही माझ्यावर आधीपासून पाळत ठेवली होती का, की मी अचानक मध्ये आलो? इतकी वर्षं ते हा विचार करतायत की कुणीतरी आपल्याला हेरलं होतं, अजूनही कुणी हेरत असेल.

आम्ही पाळत ठेवलेली नव्हती. आत कुणी असेल हेच आम्हाला माहीत नव्हतं. हे मी कुणालाही, कधीही सांगू शकलो असतो. कोर्टात कुणी विचारलं नाही आणि मला सुचलं नाही.

आता ते लिहितोय. पहिलं वाक्य "मी तुमच्या हातावर सळई मारली" हे आहे. त्यानंतर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. ख्रिस्ताबद्दल लिहू का नको, यावर बराच वेळ गेला. शेवटी ठेवलं नाही. त्यांनी विचारलं तर सांगेन.

कमलाक्षी
प्रार्थनेत आहात. दोघेही.

धाकटा_भाऊ
माझा आक्षेप मागे घेतो. कृपेबद्दलचा नाही, तुमच्यावर ओझं टाकतोय असं म्हटलं तेवढा.

निरंजना
भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला की पहिलं वाक्य बदलू नका, कितीही वेळा लिहून काढलंत तरी.

आणि पत्र गेल्यावर त्यांच्याकडून काही आलं, किंवा काहीच आलं नाही, तर ते इथे लिहू नका. आम्ही विचारणार नाही.